८१ माणसांची वाट पाहणारा प्रश्न

१९९७ साली कायरोप्रॅक्टिकच्या एका संशोधन-नियतकालिकात कॅनडातला एक छोटा अभ्यास छापून आला. फायब्रोमायल्जिया असलेले २१ रुग्ण आणि चार आठवड्यांचा उपचार. मान आणि कंबर आधीपेक्षा जास्त वळू लागली, दुखणं कमी झाल्याचं रुग्णांनीही सांगितलं. ब्लंट, रजवानी आणि ग्वेरिएरो या संशोधकांनी शेवटी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. हे निष्कर्ष आमच्या या गटापुरतेच धरावेत, आणि सगळ्या रुग्णांबद्दल काही म्हणायचं असेल तर ८१ जणांचा अभ्यास करायला हवा.

आजची पोस्ट या ८१ आकड्याची आहे. त्याचं पुढे काय झालं हे शोधताना मला दोन इतिहास वाचावे लागले, एक उपचाराचा आणि एक आजाराचा. संशोधन-प्रस्ताव लिहिताना आपण सर्रास "अमुक आजारावर तमुक उपचाराचा परिणाम" असं शीर्षक टाकतो. त्या शीर्षकातले दोन्ही शब्द कायमचे ठरलेले आहेत असं आपण गृहीत धरतो. इथे तसं अजिबात नव्हतं. म्हणूनच हे उदाहरण निवडलं.

आधी दोन ओळींत ओळख. फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोन्‌महिने अंगभर दुखणं, सोबत थकवा, झोपून उठल्यावरही झोप न झाल्यासारखं वाटणं, विसरायला होणं. रक्ततपासणी, एक्स-रे सगळं बहुधा नॉर्मल येतं. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मुख्यतः हातांनी मणक्यांच्या सांध्यांना नेमका, जलद दाब देऊन ते हलवण्याची उपचारपद्धती. सलूनमध्ये मान 'कट्' करून मोडून देतात तो आवाज आठवा. आवाज तसाच येतो, पण कायरोप्रॅक्टर त्यासाठी काही वर्षांचं शिक्षण घेतो आणि अमेरिका-कॅनडात त्याला परवाना लागतो.

उपचाराची गोष्ट: डेव्हनपोर्ट, १८९५

अमेरिकेत आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट हे शहर आहे. तिथे डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करायचे. आपल्या हातांतून रोग्याला शक्ती मिळते अशी त्यामागची समजूत. त्यांच्या इमारतीत साफसफाईचं काम करणारे हार्वी लिलार्ड यांना सतरा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामर यांच्या म्हणण्यानुसार त्यांना लिलार्ड यांच्या पाठीतला एक मणका सरकलेला आढळला, तो त्यांनी दाबून जागेवर बसवला आणि ऐकू येऊ लागलं. १८ सप्टेंबर १८९५ ही त्या घटनेची रूढ तारीख, आणि तीच कायरोप्रॅक्टिकची जन्मतारीख मानली जाते. लिलार्ड यांच्या मुलीनं पुढे सांगितलेली हकिकत जरा वेगळी आहे. तिच्या सांगण्यात चालू गप्पांत, हसण्याखिदळण्यात पाठीवर बसलेली एक थाप आहे. एकाच घटनेची दोन कथनं हाताशी असली की इतिहासकाराला एक गोष्ट लगेच दिसते. संस्थेनं जपलेलं कथन कारणासकट येतं, घरातलं कथन नुसतं घडलेलं सांगतं.

पामर यांच्या कारणात अडचण होती. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते, पाठीच्या कण्यातून जात नाही. पण त्यांना त्या एका प्रसंगातून सगळ्या रोगांचं मूळ सापडल्यासारखं वाटलं. सरकलेला मणका नसेवर दाब आणतो आणि त्यातून आजार होतो, असं त्यांनी मांडलं. या अवस्थेला पुढे 'सबलक्सेशन' हे नाव रूढ झालं. 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकानं ग्रीकवरून सुचवला, अर्थ 'हातानं केलेलं'. १८९७ मध्ये पामर यांनी शिकवायला सुरुवात केली. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल ते तुरुंगात गेले. १९१० च्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यांनी म्हटलं की ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले इतर सांधे सरकल्यामुळे.

या ९५ टक्क्यांकडे नीट बघा. ज्याला जवळजवळ सगळ्या रोगांचं कारण सापडलंय, त्याला "हा उपचार अमुक रोगावर चालतो का?" असं विचारायची गरजच पडत नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं. एखाद्या ठरावीक आजाराबद्दल प्रश्न विचारता यायला कायरोप्रॅक्टिकला आपला मूळ दावा आधी आखडता घ्यावा लागणार होता. त्याला बरीच दशकं लागली.

आजाराची गोष्ट: लंडन, १९०४

दुसरा धागा लंडनचा. विल्यम गॉवर्स हे त्या काळातले नावाजलेले मज्जासंस्थातज्ज्ञ. १९०४ मध्ये त्यांचं कंबरदुखीवरचं एक व्याख्यान प्रसिद्ध झालं. स्नायूंमधल्या तंतुमय ऊतीला सूज येते आणि म्हणून दुखतं, असा अंदाज मांडून त्यांनी 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. शेवटी 'आयटिस' आलं की दाह आला. म्हणजे या नावातच कारणाचा दावा होता. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या दुखऱ्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिथे दाहाच्या खुणा दिसल्याचं लिहिलं. अंदाजाला पुरावा मिळाला, असं सगळ्यांना वाटलं.

नंतरच्यांनी पाहिलं तेव्हा तो दाह सापडेना. नाव मात्र डॉक्टरांच्या तोंडी बसलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अंग दुखतंय म्हणणारे सैनिक मोठ्या संख्येनं लष्करी दवाखान्यांत येऊ लागले, तपासण्यांत काही निघेना, तेव्हा १९४३ च्या सुमाराला अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी 'मनोजन्य संधिवात' असं म्हणायला सुरुवात केली. दुखणाऱ्याला "हे सगळं तुझ्या डोक्यात आहे" असं सांगण्याची ही वैद्यकीय भाषा. या आजाराच्या रुग्णांना हे वाक्य त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं.

वळण आलं ते टोरोंटोमध्ये. ह्यू स्माइथ आणि हार्वी मॉल्डोफ्स्की यांनी १९७०च्या दशकात दोन गोष्टी केल्या. शरीरावर ठरावीक जागी दाबलं की या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त दुखतं, हे त्यांनी व्यवस्थित नोंदवलं. आणि १९७५ च्या प्रयोगात निरोगी माणसांची गाढ झोप वारंवार मोडली, तर त्यांचेही स्नायू दुखू लागले, थोड्या काळापुरते. म्हणजे दुखण्याचा संबंध झोपेशी, पर्यायानं मेंदूशी असू शकतो. १९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द पुढे आणला. 'मायल्जिया' म्हणजे स्नायूंचं दुखणं. 'आयटिस' गेलं आणि 'आल्जिया' आलं. कारणाचा दावा मागे घेऊन नाव लक्षणापुरतं उरलं. वैद्यकात अशी माघार फार क्वचित इतकी स्पष्ट दिसते.

अठरा ठिकाणं

माघार घेतली तरी संशोधनाला हद्द आखून लागते. कुणाला हा आजार आहे आणि कुणाला नाही, हे ठरल्याशिवाय दोन अभ्यासांची तुलना कशी करणार? १९८१ मध्ये मुहम्मद युनुस आणि सहकाऱ्यांनी रुग्ण आणि निरोगी माणसं शेजारी ठेवून लक्षणांचा पहिला नियंत्रित अभ्यास केला. मग १९९० मध्ये फ्रेडरिक वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं निकष जाहीर केले. २९३ रुग्ण आणि २६५ इतर, म्हणजे दुसऱ्या कारणानं दुखणारी माणसं, यांची तुलना करून ते ठरवले होते. तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, आणि शरीरावरच्या १८ ठरलेल्या जागांपैकी किमान ११ जागी ४ किलो दाब दिल्यावर वेदना. डॉक्टरांसाठी सोपी खूण अशी की अंगठ्यानं दाबताना आपलं नख पांढरं पडेल इतका दाब.

या निकषांनी आजाराला ओळखपत्र दिलं. औषधाच्या चाचण्या, विमा, रुग्णसंघटना सगळं त्यावर उभं राहिलं. पण यात एक कल लपलेला होता. दाब दिल्यावर दुखण्याची पातळी स्त्रियांमध्ये सरासरीनं खाली असते. त्यामुळे ११ जागांच्या चाळणीतून स्त्रियाच जास्त निघणार. हा 'बायकांचा आजार' आहे ही समज काही अंशी मोजपट्टीतून तयार झाली.

दोन वाटा कुठे मिळाल्या

दरम्यान कायरोप्रॅक्टिकचंही बदलत होतं. अमेरिकेतल्या राज्यांनी एकेक करून परवाने दिले. १९१३ मध्ये कॅन्ससपासून सुरुवात झाली आणि १९७४ मध्ये लुइझियाना हे शेवटचं राज्य. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६३ मध्ये भोंदू वैद्यकीविरोधी समिती नेमली होती आणि तिचं मुख्य लक्ष्य कायरोप्रॅक्टिक होतं. याविरुद्ध चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झनडॅनर यांनी असोसिएशननं स्पर्धाविरोधी कायदा मोडल्याचा निकाल दिला. हा निकाल धंद्यात आडकाठी करण्याबद्दल होता. उपचार शास्त्रीय आहे की नाही, यावर कोर्टानं शिक्का मारला नव्हता. तो शिक्का मिळवायचा तर प्रयोगच करावे लागणार होते.

आणि तसं वारं आधीच वाहू लागलं होतं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं मणक्यांवरच्या हस्तोपचारांच्या संशोधनावर परिषद घेतली. तिथे डॉक्टर, ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर एकत्र बसले आणि ठोस पुरावा फार थोडा आहे हे समोर आलं. १९७८ मध्ये कायरोप्रॅक्टरांचं संशोधन-नियतकालिक सुरू झालं. सुरुवातीला उल्लेख केलेला अभ्यास त्याच नियतकालिकातला. १९९४ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आरोग्य-संस्थेच्या मार्गदर्शिकेत नव्यानं उपटलेल्या कंबरदुखीसाठी, पहिल्या महिनाभरात, मॅनिप्युलेशनचा पर्याय आला. ९५ टक्के रोगांवरचा दावा इथे कंबरेपर्यंत खाली आला होता. पण या छोट्या दाव्याला आता पाठबळ होतं.

म्हणून पुढचा प्रश्न साहजिक होता. कंबर दुखते तेव्हा उपयोग होतो, तर सगळं अंग दुखतं तेव्हा? शिवाय फायब्रोमायल्जियाचे रुग्ण आधीपासूनच कायरोप्रॅक्टरकडे जात होते. जो डॉक्टर रिपोर्ट बघून "काही नाहीये" म्हणतो, त्याच्यापेक्षा दुखऱ्या जागी हात ठेवून "इथे का?" असं विचारणारा माणूस जवळचा वाटणारच. हा भाग आकड्यांत येत नाही, पण हा प्रश्न कुणाच्या आयुष्यातून आला हे त्यातून कळतं.

२१, १५ आणि पुन्हा २१

आता १९९७ च्या अभ्यासाकडे परत येऊ. त्याची रचना बघा. चार आठवडे मणक्यांचं मॅनिप्युलेशन, स्नायूंवरचे हस्तोपचार आणि ताण देणं. यातलं काय, किती करायचं हे उपचार करणाऱ्यावर सोडलेलं. तुलनेसाठी चार आठवडे नुसती औषधं, कायरोप्रॅक्टिक नाही. त्यामुळे दोन गोष्टी उलगडत नाहीत. एक, तीन उपचारांपैकी गुण कशाचा? दोन, कुणीतरी वारंवार हात लावतंय, वेळ देतंय, आशा दाखवतंय, याचा वाटा किती? वाट बघत बसलेल्या गटाला यातलं काहीच मिळत नाही.

पायलट अभ्यासासाठी हे चालतं. पायलटचं काम असतं पुढचा अभ्यास शक्य आहे का हे तपासणं आणि किती माणसं लागतील याचा अंदाज घेणं. ८१ हा तोच अंदाज. त्यांनी धरलेल्या अटी नेहमीच्या होत्या. खरोखर फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी, आणि फरक नसताना तो दिसल्याचा भास होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर नको. एवढ्यासाठी ८१. पुढच्या संशोधकाला त्यांनी अगदी सरळ निरोप ठेवला होता.

तीन वर्षांनी, २००० साली, त्याच नियतकालिकात क्वेबेकमधला हेन्स पितापुत्रांसारखा वाटणारा, पण लेखक म्हणून नुसतीच दोन हेन्स नावं असलेला अभ्यास आला. १५ स्त्रिया, ३० बैठका, मणक्यांच्या मॅनिप्युलेशनबरोबर दुखऱ्या बिंदूंवर धरून ठेवलेला दाब. १५ पैकी ९ जणींचं दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झालं. ऐकायला जोरदार वाटतं. पण तुलनेचा गटच नव्हता. फायब्रोमायल्जिया वरखाली होत राहतो. माणूस अभ्यासात नाव कधी नोंदवतो? फार दुखत असतं तेव्हा. मग काहीही केलं, अगदी काहीच नाही केलं, तरी पुढच्या मोजणीत आकडा बऱ्याचदा खाली येतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. नियंत्रण गट नसेल तर उपचाराचा गुण आणि ही आपोआपची उतरण वेगळी काढता येत नाही.

२००९ मध्ये फ्लोरिडातल्या पॅन्टन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पूर्ण करणाऱ्या स्त्रिया पुन्हा २१च. सगळ्यांनी १६ आठवडे वजनांचे व्यायाम केले, त्यातल्या एका गटाला जोडीला कायरोप्रॅक्टिकही मिळालं. ताकद दोन्ही गटांची वाढली. कायरोप्रॅक्टिक मिळालेल्या गटाची व्यायामाला हजेरी जास्त होती. मला हा निष्कर्ष सगळ्यात रंजक वाटतो. इथे मणका जागेवर बसवण्याचा संबंधच उरला नाही. उपचाराची भूमिका "व्यायाम टिकवून धरायला मदत" अशी झाली. पामर यांनी हे ओळखलंही नसतं.

बारा वर्षांत ८१ जणांचा तो अभ्यास आला नाही. प्रत्येक नवा गट नव्या रचनेनं, नव्या प्रश्नानं, पुन्हा पंधरा-वीस जणांपासून सुरू करत राहिला.

एकच ढीग, दोन आढावे

त्याच २००९ मध्ये दोन पद्धतशीर आढावे आले. एक एडझार्ड एर्न्स्ट यांचा. हे तेव्हा एक्सेटर विद्यापीठात पूरक वैद्यकाचे प्राध्यापक होते आणि कायरोप्रॅक्टिकचे कडवे टीकाकार. त्यांचा निष्कर्ष असा की अभ्यास मोजके, दर्जा बहुतांशी कमी, आणि त्यातून हा उपचार लागू पडतो असं म्हणता येत नाही. दुसरा मायकेल श्नायडर आणि सहकाऱ्यांचा, म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या आतल्या लोकांचा. त्यांनी फायब्रोमायल्जियावरच्या सगळ्याच उपचारांना प्रतवारी दिली. एरोबिक व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार यांना भक्कम पुरावा, मसाज, ताकदीचे व्यायाम आणि ॲक्युपंक्चर यांना मध्यम, आणि मणक्यांच्या मॅनिप्युलेशनला 'मर्यादित' पुरावा.

एक विरोधक, एक घरचा. शब्द वेगळे, पण समोरचा ढीग तोच आणि तो दोघांनाही लहानच दिसला. आढावा वाचताना नवीन विद्यार्थी लेखक कुठल्या बाजूचा आहे ते आधी बघतो. ते बघावंच. पण विरुद्ध बाजूच्या दोघांचं कशावर एकमत होतंय, तिथे जास्त थांबावं. श्नायडर यांनी आपल्याच व्यवसायाच्या मुख्य उपचाराला तळाच्या प्रतीत ठेवलं, हे मला कुठल्याही टीकेपेक्षा वजनदार वाटतं.

'मर्यादित पुरावा' या शब्दांत मात्र एक फसवी सोय आहे. उपचार करणाऱ्याला त्यातला 'पुरावा' ऐकू येतो, टीकाकाराला 'मर्यादित'. दोघंही आपापल्या जागी समाधानी राहतात आणि मोठा अभ्यास करायची निकड कुणालाच वाटत नाही.

मधल्या काळात आजारच बदलला

हे चालू असताना आजाराच्या पायाखालची जमीनही सरकत होती. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूची चित्रं घेतली. सारख्याच सौम्य दाबाला रुग्णांच्या मेंदूतल्या वेदनेशी संबंधित भागांत कितीतरी जास्त हालचाल दिसली. निरोगी माणसांना तेवढंच दुखायला बराच जास्त दाब द्यावा लागला. "डोक्यात आहे" हे जुनं हिणवणं इथे वेगळ्याच अर्थानं खरं ठरलं. वेदना खोटी नव्हती, मज्जासंस्था ती वाढवून पोचवत होती.

२०१० मध्ये नवे निकष आले, पुन्हा वुल्फ यांच्याच नेतृत्वाखाली, आणि त्यांतून १८ जागा गायब झाल्या. आता शरीराच्या किती भागांत दुखतं आणि थकवा, झोप, स्मरण यांचा त्रास किती, हे विचारून गुण द्यायचे. २०१६ च्या सुधारणेत पाचपैकी किमान चार भागांत दुखणं असावं अशी अट आली. बोटानं दाबायची गरज गेली, आणि नव्या मोजणीत स्त्री-पुरुषांतला फरकही बराच कमी झाला. खुद्द वुल्फ यांनी या काळात, हा खरंच एक वेगळा आजार म्हणावा का, अशी जाहीर शंका घेतली.

म्हणजे १९९७ चे २१ जण ज्या दारातून आत आले, ते दारच आता राहिलं नाही. जुने आणि नवे अभ्यास एका तक्त्यात मांडताना 'फायब्रोमायल्जियाचे रुग्ण' हा स्तंभ एकच दिसतो, पण त्यातली माणसं वेगळ्या चाळणीतून आलेली असतात.

८१चं पुढे काय झालं

२०१५ मध्ये कैरोहून मुस्तफा आणि दियाब यांची यादृच्छिक चाचणी आली. १२० रुग्ण, आणि पाठपुरावा वर्षभराचा. ८१ ची रेघ ओलांडली गेली. पण प्रश्न बदलला होता. रुग्ण निवडताना मानेच्या वरच्या सांध्यात बिघाड असणं ही अट होती. दोन्ही गटांना १२ आठवडे आजाराची माहिती, विचार-वर्तन उपचार आणि व्यायाम मिळाले, आणि एका गटाला त्यात मानेच्या वरच्या भागाचं मॅनिप्युलेशन जोडलं. वर्षाअखेरीस कल जोड मिळालेल्या गटाकडे होता. हे काम महत्त्वाचं आहेच. तरी त्याचं उत्तर "निवडक रुग्णांत, बाकी सगळं करून वर हेही केलं तर?" या प्रश्नाचं आहे. १९९७ चा प्रश्न त्यानं सुटत नाही.

२०१७ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या महासंघानं, युलारनं, फायब्रोमायल्जियासाठीच्या सुधारित शिफारशी दिल्या. 'जोरदार शिफारस' फक्त व्यायामाला मिळाली. कायरोप्रॅक्टिकला 'जोरदार विरोध'. पुरावा कमकुवत होताच, पण विरोध एवढा तीव्र असण्यामागे सुरक्षिततेची काळजी होती. मानेला झटका दिल्यानं क्वचित तिथल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, ही ती भीती.

गंमत म्हणजे हा धागाही सरळ नाही. २००८ मध्ये कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या अशा प्रकारच्या ८१८ पक्षाघातांचा अभ्यास केला. आधी कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जसा संबंध दिसला, तसाच साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. एक शक्यता अशी की रक्तवाहिनी आधीच फाटू लागलेली असते, त्यानं मान दुखते आणि म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. कारण आधी की परिणाम आधी, हा प्रश्न इथेही उभा राहतो. पण ज्या उपचाराचा फायदाच सिद्ध नाही, त्याच्यासाठी छोटाही धोका का पत्करावा, हा युलारचा हिशोब समजण्यासारखा आहे. फायद्याचा नीट अभ्यास झाला असता तर या हिशोबाची दुसरी बाजूही मांडता आली असती.

तो अभ्यास का झाला नाही? एक उत्तर आकड्यांतच आहे. २००७ मध्ये प्रेगाबॅलिन हे फायब्रोमायल्जियासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध ठरलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका चाचणीत सुरुवातीला १०५१ रुग्ण घेतले आणि त्यातल्या ५६६ जणांना दोन गटांत वाटलं. खर्च औषध कंपनीचा. मणक्यावर हात ठेवण्याचं पेटंट कुणाकडे नसतं, त्यामुळे हजार माणसांच्या चाचणीमागे पैसा उभा करणाराही कुणी नसतो. दुसरं उत्तर आपल्या पेशाचं आहे. नवा पायलट करणं सोपं, त्यावर आपलं नाव लागतं. दुसऱ्यानं ठेवलेला आकडा पूर्ण करायला वेळ, माणसं आणि पैसे लागतात, आणि त्याचं श्रेय अर्धं आधीच वाटलेलं असतं.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा

या सगळ्यातून मी माझ्या वहीत तीन गोष्टी लिहून ठेवल्यात. तुमच्याही कामी याव्यात.

एक, शीर्षकातल्या प्रत्येक नामाला 'कधीपासून?' असं विचारा. तुम्ही ज्याला आजार म्हणताय त्याची व्याख्या कुठल्या सालची? ज्याला उपचार म्हणताय त्यात नेमकं काय काय येतं? साहित्य-आढाव्याच्या तक्त्यात 'वापरलेले निकष' असा एक जादा स्तंभ ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच दिसेल.

दोन, पायलट अभ्यास वाचताना निष्कर्षापेक्षा त्याचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. पुढच्यासाठी काय निरोप ठेवलाय? मग तो लेख नंतर कुणी उद्‌धृत केला ते शोधा आणि बघा, त्यांनी निरोप घेतला की फक्त "सुधारणा दिसली" एवढंच उचललं. आणि तो आकडाही आंधळेपणानं घेऊ नका. २१ जणांवरून काढलेला अंदाज स्वतःच डळमळीत असतो. छोट्या अभ्यासात परिणाम बऱ्याचदा फुगून दिसतो, आणि मग लागणारी माणसं खऱ्यापेक्षा कमी मोजली जातात. ८१ सुद्धा कदाचित अपुरेच पडले असते.

तीन, 'पुरावा नाही' आणि 'उपयोग नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एर्न्स्ट, श्नायडर, युलार, तिघांचंही काळजीपूर्वक वाचलं तर पहिलं वाक्य सापडतं. दुसरं म्हणायला लागणारा अभ्यास तेव्हा कुणाकडेच नव्हता. तुमच्या प्रबंधात यातलं कुठलं वाक्य लिहायचं, हे ठरवताना परीक्षकापेक्षा रुग्णाचा विचार करा. कारण अंगभर दुखत असताना, सगळे रिपोर्ट नॉर्मल घेऊन, पुढचे पैसे व्यायामाच्या वर्गावर घालवायचे की कायरोप्रॅक्टरवर हे तिला ठरवायचं असतं. व्यायामाबद्दल तिला आज बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. मणक्यांबद्दल १९९७ मध्ये जे सांगता येत होतं, त्याहून फारसं जास्त आजही सांगता येत नाही.